पाठीच्या आतले कामगार

पाठ भरून आली की आपण वरवर तेल चोळतो. पण कणा उभा धरणारे स्नायू खोल, मणक्यांलगत असतात. कण्याच्या दोन्ही अंगांना कमरेपासून मानेपर्यंत ३-३ लांब पट्टे, आणि त्यांच्याखाली २ ते ४ मणके ओलांडून जाणारे आखूड स्नायू.

गुडघे ताठ ठेवून माणूस पूर्ण ओणवा झाला की हे लांब पट्टे जवळपास गप्प होतात! भार मणक्यांमधल्या चकत्यांवर नि त्यांना बांधणाऱ्या तंतूंवर पडतो. हमाल बांधवांनी, मोलकरीण भगिनींनी गुडघ्यांत वाकूनच, ओझे पोटाशी धरून उचलावे. ५० किलोची गोणी दोघांनी धरावी असे आम्ही म्हणतो. मुकादम काहीही म्हणो.

कळ थांबली तरी आतले आखूड स्नायू आपोआप सावरतातच असे नाही. त्यांना थोडा व्यायाम हवा. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर आधी डॉक्टर.