सरहद्दीवर कागद कुणाला विचारतात?

लुंबिनीला जाऊन आलेल्या वाचक बंधुभगिनींना सोनौलीचे फाटक आठवत असेल. गोरखपूरहून बसने तिथवर जायचे, बोचकी उचलायची, कमानीखालून चालत निघायचे की आलाच नेपाळ! आपल्याला ना व्हिसा लागतो ना शिक्का. 1950 च्या भारत-नेपाळ कराराने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, व्यापाराची आणि येण्याजाण्याची मोकळीक दिली आहे. ही सरहद्द सुमारे 1,751 किलोमीटर लांब असून बहुतेक ठिकाणी तिला कुंपणच नाही. कुठे नदी, कुठे शेताचा बांध, तर कुठे नुसता एक खांब. 2001 पासून तिच्यावर सशस्त्र सीमा बलाचा पहारा आहे.

सरहद्द म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक घेतलेला जवान येतो. सिनेमाने तसे शिकवले आहे. पण सरहद्दीचे अर्धे काम कारकुनाचे असते, आणि मी स्वतः कारकून असल्याने मला ते चटकन दिसते. बिहारमधले रक्सौल घ्या. नेपाळला जाणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा याच वाटेने जातो. पूर्वी गावातल्या अरुंद रस्त्यावर ट्रकची रांग लागायची. माल खोळंबला की भाडे चढते, आणि चढलेले भाडे व्यापारी स्वतःच्या खिशातून कधीच देत नाही. ते शेवटी तेला-मिठाच्या किमतीत उतरते आणि काठमांडूच्या कष्टकरी बाईच्या पदरात पडते. 2016 मध्ये रक्सौलला आणि 2018 मध्ये पलीकडे वीरगंजला एकात्मिक तपासणी नाके सुरू झाले. कस्टम, गोदाम, ट्रकचा तळ असे सगळे एका आवारात आले. 2019 मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज अशी 69 किलोमीटरची तेलवाहिनीही सुरू झाली.

नाका अडला तर काय होते, हे नेपाळने 2015 मध्ये भोगले आहे. एप्रिलमध्ये भूकंपाने घरे पाडली. सप्टेंबरात नव्या संविधानावरून तराईत आंदोलन पेटले आणि नाक्यांवरची वाहतूक काही महिने तुंबली. दोष कुणाचा, यावर दोन्ही देशांत आजही एकमत नाही. पण थंडीच्या दिवसांत गॅस आणि औषधे मिळेनाशी झाली, ती गरिबालाच आधी.

आता याच मोकळ्या वाटेची दुसरी बाजू सांगतो. ती थेट आपल्या मुंबईला येऊन भिडते.

नोकरीचे, लग्नाचे आमिष दाखवून नेपाळच्या डोंगराळ खेड्यांतल्या मुली याच वाटेने आणल्या गेल्या आणि कामाठीपुऱ्यात विकल्या गेल्या. त्यांत तामांगसारख्या गरीब जमातींच्या मुली फार. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबई पोलिसांनी छापे घालून शेकडो मुली सोडवल्या. त्यांतल्या बऱ्याच नेपाळच्या होत्या. त्यांना घरी पाठवायचे तर नेपाळ सरकार हात आखडते घेऊ लागले. या मुली नेपाळच्याच, याचा पुरावा काय? नागरिकत्वाचा कागद कुठे आहे? विकायला आणताना ज्यांना सरहद्दीवर कुणी एक कागद विचारला नाही, त्यांनाच परत जाताना कागद विचारला गेला! महिने गेले. अखेर नेपाळमधल्या सामाजिक संस्था पुढे आल्या, तेव्हा जुलै 1996 मध्ये शंभराहून अधिक मुली परत गेल्या. त्यांतल्याच काही जणींनी ‘शक्ति समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. 2013 मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग बंद करा ना ती सरहद्द! मला ते पटत नाही. आपल्या सोसायट्यांचे गुरखे, हॉटेलात भांडी घासणारी पोरे याच वाटेने येतात. 2020 च्या टाळेबंदीत नाके बंद झाले तेव्हा हजारो नेपाळी मजूर अलीकडे अडकले. काहींनी तर महाकाली नदी पोहून पार केली. शिवाय दलाल फाटकावर अडून बसत नाही, तो शेतातून जातो. कुंपणाने अडतो तो साधा माणूस.

उपाय त्या भुक्तभोगी बायांनीच दाखवला आहे. अनुराधा कोइराला यांची ‘माइती नेपाल’ ही संस्था 1993 पासून काम करते. तिच्या कार्यकर्त्या नाक्यांवर उभ्या असतात, आणि त्यांत एकेकाळी स्वतः विकल्या गेलेल्याही आहेत. सायकलरिक्षात एखादी कोवळी मुलगी आणि शेजारी अनोळखी वाटणारा पुरुष दिसला की त्या रिक्षा थांबवतात. दोघांना वेगवेगळे घेऊन विचारतात: कुठे चाललात? नाते काय? गाव कोणते? उत्तरे जुळली नाहीत की मुलीला बाजूला बसवतात आणि घरी कळवतात. पैशाने भरलेले हात आणि पाठीशी सरकारी शिक्का नसतानाही त्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे.

रक्सौलच्या नाक्यावर ट्रकमधल्या पोत्यापोत्याचा हिशेब ठेवला जातो, आणि तो ठेवलाच पाहिजे. तेवढ्याच खर्चातून प्रत्येक नाक्यावर बाईमाणसासाठी एक खोली, तिथे पगारी महिला कर्मचारी आणि तिची भाषा बोलणारी एक दुभाषी, एवढे तरी दोन्ही सरकारांकडे मागायला काय हरकत आहे?