वाफ आणि धूर

ई-सिगारेट हाती आली म्हणून साधी सिगारेट सुटतेच असे नाही. अनेकांच्या बाबतीत दोन्ही जोडीने चालतात: कचेरीत चोरून वाफ, चहानंतर टपरीवर सिगारेट. दिवसाच्या वीस सिगारेटी दहावर येतात आणि निम्मा धोका टळला, असे ओढणारा धरून चालतो. हा हिशेब फसवा आहे. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातील 2018 च्या विश्लेषणानुसार रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. शिवाय सिगारेटी घटल्या की झुरके खोल होतात. शरीर निकोटीनची वसुली करतेच.

सिगारेट पूर्ण टाकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ई-सिगारेट दिलेल्यांपैकी 18 टक्के लोक वर्षानंतर सिगारेटपासून दूर होते. निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम वगैरे दिलेल्यांत हे प्रमाण 9.9 टक्के होते. मात्र त्या 18 टक्क्यांतले पाचांपैकी चौघे तेव्हाही ई-सिगारेट ओढतच होते. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटीन नाही.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटच्या उत्पादन, विक्री आणि जाहिरातीवर बंदी आहे. तिच्याहून घातक असलेली साधी सिगारेट मात्र कोपऱ्यावर राजरोस मिळते.