सायंकाळचा भोंगा

समाजमाध्यमांस कंटाळून त्यांपासून दूर होणाऱ्या मनुष्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, तो काळाच्या मागें पडला. कोणी म्हणतात, त्यानें मोह जिंकला. आम्हांस दोन्ही मतें चुकीचीं वाटतात. तो केवळ थकलेला असतो, आणि त्या थकव्याचें कारण त्याच्या स्वभावापेक्षां त्या यंत्राच्या रचनेंत अधिक आहे.

वर्तमानपत्रास शेवटचें पान असतें, पत्राखालीं सही असते, आठवड्याचा बाजारहि दिवेलागणीस उठतो. या पडद्यास मात्र तळ नाहीं. बोट वर सारीत जावें, खालून नवें येतच राहतें. ही युक्ति एझा रॅस्किन या अमेरिकन रचनाकारानें २००६ सालीं काढली, व पुढें तिजबद्दल जाहीर खेदहि प्रकट केला. त्यांतच एका क्षणीं मामेबहिणीची हळद, दुसऱ्या क्षणीं दूरदेशींच्या युद्धांतील प्रेतें, तिसऱ्या क्षणीं साबणाची जाहिरात! हर्ष किंवा शोक मनांत बसण्यापूर्वींच उठविला जातो. शिवाय प्रत्येक शुभेच्छेस उत्तर द्यावें लागतें; न दिल्यास नातलग रुसतात तें वेगळेंच.

मग मनुष्य उठून कां जात नाहीं? कारण एकट्यानें जाणें महाग पडतें. वर्गाचा गट, भावकीचा गट, कांद्याचे भाव, शाळेच्या सूचना, सर्व तेथेंच.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें ही गांठ नेमकी ओळखली. कोरोनाच्या साथींत शिक्षण मोबाइलवर आलें. पुढें शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातून तो सुटेना. तेव्हां २०२२ च्या ऑगस्टांत असें ठरलें कीं, सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजला म्हणजे घरोघरचे दूरदर्शनसंच व मोबाइल दीड तास बंद. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांतील बांशीच्या ग्रामसभेनें १८ वर्षांखालील मुलांस मोबाइलची बंदी केली. ऑस्ट्रेलियानें तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची मनाई कायद्यानेंच अमलांत आणली.

या तिहींत आम्हांस भोंगा अधिक पसंत आहे. बंदी मुलांपुरतीच असते. वडील ओसरीवर चित्रफिती पाहतां पाहतां "अभ्यासाला बस" म्हणून दटावावयास मोकळेच! भोंगा वडिलांसहि लागू. आणि त्या दीड तासांत तेथें कोणीच नसल्यामुळें कोणाचें कांहीं चुकत नाहीं.

पालकहो, निमोण्याच्या ग्रामसभेपुढें असा ठराव आपण आणावा. भोंगा मिळेपर्यंत शाळेची घंटा आहेच. ती सायंकाळीं ७ वाजतां वाजविण्यास आम्ही तयार आहों.