किरणोत्सर्गाचा इशारा: केंद्रे वाढली, विश्वासाचे काय?

स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज प्रकल्पात २८ एप्रिल १९८६ रोजी एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सारी धूळ आढळली. तपासाअंती ती अकराशे किलोमीटरवरील चेर्नोबिलची असल्याचे निष्पन्न झाले आणि दोन दिवस मौन बाळगणाऱ्या सोव्हिएत सरकारला त्याच सायंकाळी अपघाताची कबुली द्यावी लागली. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही. त्याची पहिली वर्दी मापकच देतो, हा या घटनेचा धडा होता.

भारतातही भाभा अणुसंशोधन केंद्राने असे देशव्यापी जाळे उभारले आहे. पाचशेच्या आसपास ठिकाणी बसविलेली सौरऊर्जेवरील उपकरणे गॅमा किरणांची मात्रा मोजून ती मोबाइल यंत्रणेद्वारे मुंबईला कळवितात. मात्र, आधुनिकीकरण म्हणजे केवळ केंद्रांची संख्या वाढविणे नव्हे, हे परदेशांतील अनुभवांवरून स्पष्ट होते. मार्च २०११ मधील भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानच्या फुकुशिमा प्रांतातील २४ पैकी २३ मापन केंद्रे निकामी झाली. काही वाहून गेली, तर उर्वरित केंद्रांचा संपर्क तुटला. त्याच वेळी अमेरिकेच्या जाळ्यातील १२४ पैकी २५ मापक बंद होते. ऐन संकटात मुकी होणारी यंत्रणा शांततेच्या काळात कितीही आकडे पाठवीत असली, तरी तिचा उपयोग शून्य. पर्यायी वीजपुरवठा, संपर्काचे दुसरे साधन आणि नियमित देखभाल यांवरील खर्च म्हणूनच टाळता येणार नाही.

दुसरा प्रश्न मापनाच्या गुणवत्तेचा. साधे गायगर मापक मात्रा वाढल्याचे सांगतात. ती कशामुळे वाढली, हे सांगत नाहीत. पावसाच्या सरीनेही हवेतील नैसर्गिक किरणोत्सारी कण जमिनीवर येऊन आकडा चढतो. ही वाढ पावसाची की किरणोत्सारी आयोडीनची, हे वर्णपटमापकाशिवाय कळत नाही. लोकांना आयोडीनच्या गोळ्या द्यायच्या की नाही, हा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

अर्थात, स्थिर केंद्रांनाही मर्यादा आहेत. दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये पोहोचलेल्या कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा बळी घेतला. धोक्याचा उलगडा झाला, तो रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्यानंतर. त्यामुळे बंदरे आणि भंगार बाजार यांच्या प्रवेशद्वारांवरील तपासणी याच साखळीचा भाग मानावयास हवी.

सर्वांत कळीचा मुद्दा पारदर्शकतेचा. जर्मनीतील सुमारे १७०० केंद्रांची मापने कोणताही नागरिक इंटरनेटवर पाहू शकतो. भारतात मात्र अणुभट्ट्या चालविणारे महामंडळ आणि मापन करणारी संस्था, दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली येतात. देशाने २०४७ पर्यंत शंभर गिगावॉट अणुविजेचे उद्दिष्ट ठेवले असताना तारापूर वा जैतापूरच्या ग्रामस्थाला आपल्या गावचा आकडा सहज वाचता आला पाहिजे. रोजचा आकडा ज्याला ठाऊक असेल, तोच संकटाच्या दिवशी सरकारच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवील.