शिंके तुटण्यापूर्वी

ताटे मांडली जातात, भांड्यांवरची झाकणे निघतात आणि इतका वेळ कपाटावर निजलेले मांजर नेमके त्याच क्षणी आपल्या पायांत येऊन घोटाळू लागते. ताटाकडे एकटक पाहते, पंजाने मांडीला हळूच स्पर्श करते आणि आपण पाणी आणण्यासाठी उठलो की माशाची तुकडी घेऊन पसार होते. आपण रागावतो, हसतो, त्याला हावरट म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक घास त्याच्यापुढे टाकतो. वाचकहो, या हावरटपणाचा अर्थ एकदा नीट लावून पाहायला हवा. मांजराचे मागणे कधी खरी भूक असते, कधी आपणच लावलेली सवय असते, तर कधी आजाराची पहिली खूण असते. आपल्या ताटातला घास हे या तिन्हींपैकी कशाचेच उत्तर नव्हे.

प्रथम भुकेचा विचार करू. मांजर हा निखळ मांसभक्षी प्राणी आहे. गोड चव ओळखण्यास आवश्यक असलेले एक जनुक मांजरात निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. साखरेची गोडी मांजराला कळतच नाही. मग श्रीखंडाच्या वाटीत ते तोंड का घालते? त्याला ओढ असते ती दुधातल्या स्निग्धांशाची आणि प्रथिनांची. साय, लोणी, भाजलेला बोंबील, अंडे यांचा वास त्याला दुरूनही खुणावतो. शिवाय शिकारीचे अन्न उबदार असते. शीतकपाटातून काढलेल्या थंड खाण्याकडे पाठ फिरवणारे मांजर चुलीवरून उतरलेल्या कालवणाकडे धाव घेते, यात नवल नाही.

या भुकेला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. अनेक घरांत, विशेषतः शाकाहारी घरांत, मांजराला वर्षानुवर्षे दूध-पोळीवर ठेवले जाते. त्यामागे माया असते, याविषयी शंका नाही. परंतु टॉरिन नावाचा घटक मांजराचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही. तो मांस आणि मासे यांतूनच मिळतो. टॉरिनच्या अभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. त्याच अभावामुळे हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगते, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले. वेळीच टॉरिन मिळाले तर हृदय बरेचसे सावरते, गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. शिवाय मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. दूध-पोळीवर वाढलेले मांजर शेजारच्या घरातून मासे पळवत असेल, तर त्याला चोर म्हणण्यापूर्वी त्याच्या बशीत काय वाढले जाते ते पाहावे.

आता सवयीचा भाग. मांजराला दहा वेळा हाकलले आणि अकराव्या वेळी एक तुकडा दिला, तर त्याला 'नाही' हा धडा मिळत नाही. चिकाटीने मागत राहिले की मिळते, हे ते शिकते. रोज मिळणाऱ्या घासापेक्षा अधूनमधून मिळणारा घास सवय अधिक पक्की करतो. मागण्याची कलाही मांजराला अवगत असते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक मजेशीर गोष्ट नोंदवली: काही मांजरे खाणे मागताना आपल्या गुरगुरण्यात रडण्यासारखा एक उंच स्वर मिसळतात आणि माणसांना तो अधिक निकडीचा वाटतो. आपला हात ताटाकडे वळतो तो या स्वरापुढे हार मानून.

या एका घासाचे मोल किती? चार किलो वजनाच्या घरगुती मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे किलोकॅलरी पुरतात. त्या हिशेबात चीजचा एक मोठा तुकडा म्हणजे त्याचे जवळजवळ अर्धे जेवण. लठ्ठपणामागोमाग मधुमेह येतो. त्याहून गंभीर धोका कांदा-लसणाचा आहे. कच्चा असो, शिजवलेला असो वा मसाल्यात वाटलेला असो, कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो. म्हणून रश्शातला मटणाचा तुकडा मांजरासाठी निर्धोक नसतो. असे काही खाल्ल्यानंतर काही दिवसांनीदेखील हिरड्या फिकट दिसल्या, लघवी गडद झाली वा मांजर मलूल पडले, तर तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट टाळावे. शिजवलेली हाडे आतड्याला इजा करतात. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

तिसरी शक्यता आजाराची. आजवर शांत असलेले मांजर अचानक अन्नासाठी कासावीस होऊ लागले, भरपूर खाऊनही वाळू लागले, तर ती सवय समजून दुर्लक्ष करू नये. उतारवयात थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेने असे घडते. तहान आणि लघवी वाढली असेल तर मधुमेहाचा संशय घ्यावा. जंत हेही एक कारण असते आणि स्टेरॉइडसारख्या औषधांनीही भूक वाढते. रक्ताची आणि विष्ठेची तपासणी केल्यास यातले पुष्कळसे उलगडते.

मग घरी काय करावे? आपण जेवायला बसण्यापूर्वी मांजराला वाढावे. निसर्गात ते दिवसरात्र मिळून अनेक लहान शिकारी खाते, म्हणून दिवसाचे खाणे चार-पाच भागांत विभागावे. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे दोरीच्या वा चेंडूच्या मागे धावू द्यावे. पुष्कळदा त्याला अन्नाहून आपली सोबत हवी असते. मांस वा मासे घरी शिजवत असाल तर मीठ, मसाला व कांदा यांशिवाय शिजवावेत आणि ते पाणीही द्यावे, कारण टॉरिन पाण्यात उतरते. केवळ घरच्या अन्नावर मांजर ठेवायचे असल्यास पशुवैद्यकाकडून आहार ठरवून घ्यावा. मांसाहार घरात शिजवणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी मांजरासाठी तयार मिळणारा संपूर्ण आहार आणावा.

ताटातून काही न देण्याचा नियम मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी पाळावा. पहिले काही दिवस मांजराचे ओरडणे वाढेल. तेव्हा हार मानली तर ते अधिक मोठ्याने ओरडायलाच शिकेल. मारू नये आणि उपाशी ठेवून शिस्त लावण्याचा विचारही करू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात मेद साठून जीव धोक्यात येतो.

शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, असे आपण सहज म्हणून जातो. बोक्याच्या बशीत योग्य अन्न वेळेवर पडत असेल आणि ओट्यावरची भांडी झाकलेली असतील, तर त्याला शिंक्याकडे डोळे लावून बसावे लागणार नाही. आज रात्री पाने मांडण्यापूर्वी त्याची बशी भरून पाहा.