चरित्रनायक नसलेल्याचे चरित्र

मराठीत चरित्राच्या विषयाला आपण 'चरित्रनायक' म्हणतो. शब्द निरुपद्रवी वाटतो, पण त्यात एक निवाडा दडलेला आहे : चरित्र लिहायचे ते नायकाचेच. क्रीडालेखनापुरता हा निवाडा समीक्षेने इतक्या निमूटपणे मान्य केला आहे, की थोर खेळाडूचा गौरवग्रंथ म्हणजेच या प्रकारातले साहित्य, असे समजले जाते. आम्हांला हे मान्य नाही. आमचा साक्षीदार आहे अमेरिकी बेसबॉलमधला एक सामान्य रिलीफ पिचर, जिम ब्रॉसनन (१९२९–२०१४).

रिलीफ पिचर म्हणजे मूळ पिचर थकला किंवा मार खाऊ लागला की मैदानात बोलावला जाणारा बदली पिचर. तो येतो तेव्हा बेसवर अनेकदा प्रतिपक्षाचे धावपटू उभे असतात. त्यांनी धाव पुरी केली, तर ती नोंदली जाते आधीच्या पिचरच्या नावावर. म्हणजे रिलीफ पिचरने सामना घालवला तरी त्याची सरासरी स्वच्छ राहू शकते आणि वाचवला तरी त्या सरासरीत ते पुरते उमटत नाही. 'सेव्ह' ही नोंद अधिकृत झाली १९६९मध्ये. ब्रॉसनन शेवटचा खेळला १९६३मध्ये. त्याच्या नावावरचे ६७ सेव्ह नंतर मोजलेले आहेत. उरतात नऊ हंगाम, चार क्लब, ५५ विजय आणि ४७ पराभव. एवढ्यावरून त्या माणसाने नेमके काय केले, हे कळत नाही. जे आकड्यांना सांगता येत नाही, ते गद्यालाच सांगावे लागते.

ब्रॉसननने ते सांगितले. १९५९च्या हंगामाची त्याची रोजनिशी 'द लाँग सीझन' १९६०मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मध्यावरच सेंट लुइसच्या क्लबने त्याला सिनसिनाटीला देऊन टाकले. खेळाडूला क्लब निवडण्याचा हक्क नसण्याचा तो काळ होता. हे पुस्तक 'शब्दांकन : अमुक' या आडोशाने आलेले नाही, ते त्याने स्वतः लिहिले. थोर खेळाडूच्या चरित्रात शेवट आधीच ठाऊक असतो आणि प्रत्येक अपयश त्या शेवटाची पायरी ठरते. रोजनिशी लिहिणाऱ्या या पिचरला मात्र उद्या आपण कोणत्या गावी असू, हेही ठाऊक नव्हते.

अशा खेळाडूला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. गावोगाव फिरणारा, असा त्याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण शब्दाचे मूळ फ्रेंचमधल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दात आहे. जर्नीमन म्हणजे उमेदवारी संपवलेला, पण उस्ताद न झालेला, रोजंदारीवरचा कारागीर. त्याच्या कौशल्याविषयी या शब्दात शंका नाही.

यावर आक्षेप येईल, की असामान्य अनुभवाविना वाङ्मय उभे राहत नाही. हा आक्षेप घेणारे आपणच वर्गात शिकवतो, की नवकथेने सामान्य माणसाला कथेच्या केंद्रस्थानी आणले. कारकून चालतो, गिरणीकामगार चालतो. मग सामना वाचवून पुन्हा बुलपेनच्या बाकावर जाऊन बसणारा पिचरच का चालू नये? की मैदानावर पाऊल ठेवताच आपली वास्तववादावरची श्रद्धा संपते?

दुसरा आक्षेप असा, की ब्रॉसनन हा वाचणारा, चष्मा लावणारा, 'प्रोफेसर' हे टोपणनाव मिळालेला अपवाद होता. असेलही. पण अपवाद दुर्मीळ का राहिले, याचे उत्तरही त्याच्या कारकिर्दीतच आहे. १९६४च्या हंगामाआधी शिकागो व्हाइट सॉक्सने त्याच्या लेखनावर बंधन घालू पाहिले. त्याने ते मानले नाही. क्लबने त्याला मोकळे केले आणि मेजर लीगमधली त्याची कारकीर्द संपली. क्लबला या लेखनाचे मोल कळले होते. म्हणून तर ते थांबवावेसे वाटले. साहित्याच्या अभ्यासकांना ते अजून कळायचे आहे.

आत्मपर गद्याच्या अभ्यासक्रमात एखादा खेळाडू घ्यायचाच असेल, तर विश्वविक्रमवीर बाजूला ठेवावा आणि हा बदली पिचर बोलवावा, अशी आमची मागणी आहे.