आखातातील मजूर आणि दिल्लीचे करार

निर्मल, खानापूर, मुधोळ, भैंसा हा २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेला मुलूख गेली कित्येक वर्षे दुबई, मस्कत आणि रियाध यांना माणसे पुरवीत आला आहे. कोरडवाहू शेती आणि डोक्यावरचे कर्ज ही त्याची कारणे सर्वश्रुत आहेत. ती पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. हा मजूर विमानात बसतो तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभे असते, हा आमचा प्रश्न आहे. त्यावर दिल्लीचे उत्तर तयार असते : करार झालेले आहेत.

करार झाले आहेत हे खरे. कतारशी १९८५ साली झाला. पुढे संयुक्त अरब अमिरातीशी २००६, कुवेतशी २००७, ओमानशी २००८ आणि बहारीनशी २००९ साली सामंजस्याचे दस्तऐवज झाले. सौदी अरबस्तानशी घरकामगारांपुरता करार व्हावयास २०१४ साल उजाडले. परंतु या दस्तऐवजांत सहकार्य आणि संयुक्त समित्या यांची भाषा जितकी सढळ, तितकी मजुराच्या हाती पडावयाच्या रकमेविषयी ती आखडती. त्याच्या वेतनाची किमान मर्यादा मुख्यतः भारत सरकार आपल्या अधिकारात ठरवीत आले आणि त्या आधारे परदेशगमनाची परवानगी देत आले.

याचा परिणाम काय होतो, हे २०२० साली दिसले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात, महामारीमुळे नोकऱ्या हातच्या जाऊ नयेत असे कारण सांगून, आपल्याच सरकारने आखाती देशांसाठीची ही मर्यादा ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणली. मालकाने मागण्यापूर्वीच मजुराच्या घामाची किंमत आपण उतरवून दिली! तेलंगण उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, ओरड झाली, आणि जुलै २०२१ मध्ये पूर्वीची मर्यादा पुन्हा लागू झाली. जे वेतन दोन राष्ट्रांनी मिळून लिहिलेले असते, ते एका परिपत्रकाने असे खाली येत नाही.

फिलिपाइन्स हा काही बलाढ्य देश नव्हे. परंतु २०१८ साली कुवेतमध्ये एका फिलिपिनो मोलकरणीचा खून उघडकीस येताच त्या सरकारने तेथे नवी माणसे पाठविणे बंद केले, आणि मालकाने कामगाराचा पासपोर्ट ताब्यात ठेवू नये हे कलम असलेला करार त्याच वर्षी मे महिन्यात पदरात पाडून घेतला. माणसे पाठविणाऱ्या देशाच्या हातीही बळ असते; ते वापरण्याची इच्छा मात्र लागते.

अर्थात, करार कितीही चांगला झाला तरी तो कराराच्या वाटेने जाणाऱ्यालाच उपयोगी. दहावी न झालेल्या मजुराला आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी घ्यावी लागते. ही वाट लांबची म्हणून दलाल त्याला पर्यटकाच्या व्हिसावर चढवितो. नोंदणीकृत दलालाने ३० हजार रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक घेऊ नये असा नियम आहे. पण सावकाराकडून उचललेली रक्कम त्याच्या कितीतरी पट असते. तेथे उतरल्यावर काम वेगळे निघते, पगार वेगळा निघतो, आणि पर्यटक म्हणून गेलेल्याची मजूर म्हणून कोणत्याही दप्तरी नोंद नसते. परवानगी घेऊन गेलेल्यास दहा लाखांचा सरकारी विमा मिळतो, परंतु तो अपघाती मृत्यूस व कायमच्या अपंगत्वास. झोपेत हृदय बंद पडलेल्या तरुणाच्या विधवेने काय करावे? तेलंगण सरकारने २०२४ साली आखातात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबास पाच लाख देण्याचे ठरविले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण ती मृत्यूनंतरची मदत झाली.

आमच्या सीमाभागापुरती आणखी एक गोष्ट. मुधोळ-भैंसा १९५६ साली नांदेडमधून आदिलाबादेत गेले. तेथील घराघरांत आजही मराठी बोलली जाते. तेथील मजुरापुढे येणारा नोकरीचा कागद इंग्रजीत आणि अरबीत असतो. आपण कशावर अंगठा उठवितो आहोत हे त्याला दलालाच्या तोंडूनच कळते. यापुढील प्रत्येक करारात वेतनाचा आकडा असावा आणि नोकरीच्या कागदाची प्रत मजुराच्या भाषेत देण्याचे बंधन असावे. ती प्रत त्याला हैदराबादेस जाऊन मागावी लागू नये. मुधोळच्या तहसील कचेरीत, पैसे भरण्यापूर्वी, मराठीत मिळावी.